डाव्या मडगार्डचा पोचा

माझ्या दादाला एक खोड होती. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ झाला, रंग चढला आणि वाळला, की तो मालकाला लगेच किल्ली द्यायचा नाही. आधी पैज लावायचा. मालकानं डोळे मिटायचे, मागच्या दिव्यापासून पुढं हात फिरवत यायचं आणि पोचा जिथं होता तिथं नेमकं थांबायचं. ओळखलं तर चहा दादाकडून, चुकलं तर मालकाकडून. स्वतःच्या गाडीचा पोचा स्वतःला सापडत नाही म्हटल्यावर भलेभले चिडायचे, पुन्हा मागच्या दिव्यापासून सुरुवात करायचे. दादा हाताची घडी घालून मिशीत हसत उभा असायचा. आणि पैज कुणीही जिंको, चहा टाकायची ती वहिनीच. शेडच्या मागंच घर, त्यामुळे दादानं नुसती हाक मारायचा अवकाश, आतून कपबशा वाजायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, या खेळात कायम हरणारं माणूस एकच आहे, आणि ते स्वयंपाकघरात उभं आहे. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांना जिंकलेलं बघायला मिळतं ना, मग झालं."

आता वहिनीला असं म्हणणं शोभत होतं. मी बहीण असून मला दादाचं ते जिंकणं कधीकधी डोक्यात जायचं. पण कामात मात्र त्याला तोड नव्हती. इतर लोक खड्ड्यात लांबी थापायचे, ते राखाडी लुकण, वर पॉलिश पेपर मारायचे आणि रंग फासून मोकळे व्हायचे. दादाला लांबीचा राग. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडीनं हळूहळू ठोकत राहायचं, आणि पत्रा स्वतःहून आपल्या जागी येईपर्यंत घाई करायची नाही. "पत्र्याला आपली मूळ जागा ठाऊक असते," तो म्हणायचा, "आपण फक्त आठवण करून द्यायची." त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी एवढीच, की कुठं मार लागला होता ते कळू नये. उभं आयुष्य त्यानं या एका गोष्टीत घातलं.

ती जुनी गाडी त्याच्याकडं आली तेव्हा चिरंजीव शाळेत होता. चिरंजीव म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा. दादा त्याला थट्टेनं चिरंजीव म्हणायचा, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. आता तो शब्द घरात कुणी काढत नाही. गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. ती दुरुस्तीला टाकून ते गावाकडं गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्यांच्या मुलांनी निरोप पाठवला की ठेवा तुमच्याकडंच, आम्हाला ती ओढून न्यायचाही उत्साह नाही. गोल दिवे, गोल पाठ, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, दरवाजे तिजोरीसारखे जड. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्यात काहीतरी घरंदाज होतं हे मीसुद्धा मान्य करते. बापलेक दोघं तिच्या प्रेमात पडले. पैसा हातात कधी नव्हताच, तेव्हा प्रेम फुकटच चाललं होतं. इंजिन कसंबसं सुरू व्हायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. सीटच्या जागी दोन लाकडी खोकी होती.

त्या खोक्यावर बसून चिरंजीव गाडी शिकला, शेडपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून शेडपर्यंत. एकदा दुपारी वळण चुकलं आणि डावं मडगार्ड फाटकाच्या दगडी खांबाला जाऊन लागलं. वहिनी पिठाच्या हातांनीच धावत आली. त्याला खाली उतरवून डोकं, कोपर, गुडघे सगळं चाचपलं, आणि तो धडधाकट आहे असं कळल्यावरच त्याला सोडलं. ती तिथंच मडगार्डवर हात टेकून उभी राहिली. तिच्या पिठाचा पंजा त्या पोच्यात उमटला होता. पोरगं पांढरंफटक पडून बापाकडं बघत होतं. दादानं खाली बसून पोच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "झकास. वरच्या कडेला घडीसुद्धा पाडलीस. आता हा मी काढणार नाही. तुला हातोडी धरता आली की तूच काढायचा. तोवर राहू दे." चिरंजीवाला मग चेव चढला. "आई, मी पोचापण काढणार आणि गाडीपण पळवणार. पहिली फेरी तुला. पुढच्या सीटवर, राणीसारखी." वहिनी म्हणाली, "आधी सीट तर आणा."

सीट यायच्या आधी तो गेला. ताप आला, साधाच वाटला, मग डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा तो बोलत होता, आणलं तेव्हा नव्हता. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

गाडीवर ताडपत्री पडली. दादा कामात बुडाला, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त ठोकायला लागला. पैजा मात्र लावेनासा झाला. वहिनी घरात बुडाली. फाटकाच्या बाहेर तिनं पाऊल टाकणं बंद केलं. लग्नकार्य नाही, बाजार नाही, माझं घर दोन गल्ल्या सोडून, तिथंही नाही. काही लागलं तर दादा आणायचा किंवा मी. आम्ही समजावून थकलो. ती ऐकून घ्यायची, हो म्हणायची, आणि पदर खोचून भांडी घासायला लागायची. ताडपत्रीवर पाला साचायचा, पाऊस साचायचा. तिकडं कुणी बघत नसे. वर्षं गेली अशी.

मग दादाचं काम आटलं. नाक्यावर मोठी गॅरेजं झाली. तिथं कुणी पत्रा ठोकत बसत नाही, चेपला की फेकायचा आणि नवा लावायचा. दादाचा उजवा हातही थरथरायला लागला होता. शेडमध्ये नुसतं बसून राहणं त्याला जमेना. एका सकाळी मी गेले तर ताडपत्री काढून वाळत घातलेली, आणि दादा गाडीखाली. फक्त पाय दिसत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"पोरानं शब्द दिला होता तिला," गाडीखालून आवाज आला. "पहिली फेरी. तो शब्द राहिलाय."

मला कळलं की त्याला आता आयुष्याकडून एवढी एकच गोष्ट हवी आहे: वहिनीनं एकदा त्या गाडीत पुढच्या सीटवर बसावं आणि फाटकाच्या बाहेर पडावं. मीही मनातून तेच मागायला लागले.

पण मागणं सोपं आणि गाडी महाग. नवा भाग घेणं म्हणजे अशक्य, आणि जुन्या भागांचा भाव ऐकून तर दादा भंगारवाल्याला म्हणाला, "बाबा रे, मी गाडी विकत मागत नाही, नट मागतोय." तेव्हा जुळवाजुळव सुरू झाली. बंपर दुसऱ्याच एका गाडीचा आला आणि टोकं कापून बसवला. सीटच्या स्प्रिंगा कुणीतरी टाकून दिलेल्या सोफ्यातून निघाल्या. कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात बुडवून त्यानं दात घासायच्या ब्रशानं साफ केला. तो ब्रश माझा होता हे मला नंतर समजलं. पावसाचे वायपर बसवले ते एकमेकांच्या उलट फिरायचे. मी हसले तर म्हणाला, "फिरतात ना? मग तुझं काय जातंय?" पुष्कळ दिवसांनी तो मला असं फटकन बोलला आणि मला बरं वाटलं.

वहिनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मग पायरीवर येऊन बसायला लागली, भाजी निवडायला उजेड चांगला पडतो म्हणून. खिडकीतही तेवढाच उजेड होता. मग एक दिवस दादा गाडीच्या छताला आतून जुनी चादर खिळ्यांनी ठोकताना दिसला, तेव्हा तिला राहवेना. "अहो, छत आहे की खाट आहे? काढा ते. मी शिवून देते." शिवणयंत्र बाहेर आलं. छताचं कापड शिवलं, सीटची गवसणी शिवली, दरवाजांना आतून खिसे शिवले. "खिसे कशाला?" दादा म्हणाला. "प्रवासात काहीबाही ठेवायला लागतं," ती म्हणाली. प्रवासात. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

ती गाडीपाशी यायची तेव्हा दर वेळी डाव्या बाजूनं यायची आणि डाव्या मडगार्डवर हात टेकून उभी राहायची. तिचे गुडघे दुखायचे, तेव्हा मला वाटलं आधाराला टेकते. दादालाही तेच वाटलं असणार. हात बरोबर पोच्यात बसायचा. चहाचा कप संपेल एवढा वेळ उभी राहायची आणि आत जायची.

बाकी सगळं झालं तरी तो पोचा तेवढा राहिला होता. दादा त्याच्याकडं जायचा, खाली बसायचा आणि उठून दुसरंच काहीतरी करायला लागायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "हा त्यानं काढायचा होता. आता माझ्यावर आलंय." पुढं म्हणाला, "एवढं सगळं करून तिला त्या जखमेशेजारी बसवू? दरवाजा उघडताना समोर तेच दिसणार. ते नको." त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला ते पटलं. पत्रा ठोकणाऱ्या माणसानं दुसरा विचार करावा तरी कसा?

त्यातच वहिनीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. दुसराही अंधुकच होता. तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे आम्हाला धाक होता, पण ती मुकाट्यानं रिक्षात बसली, डोळे मिटून. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी धूळ आणि रंगाचा वास वर्ज्य सांगितला, म्हणून मी तिला थेट माझ्या घरी नेलं. दादा म्हणाला, "ठेव तिला, घाई करू नकोस. परत येईल तेव्हा सगळं तयार असेल. पट्टी सोडायला आपल्या गाडीतून जाईल." निघताना मी बघितलं, तो हातोड्या ओळीनं मांडत होता.

मधे एकदा तिची औषधं न्यायला गेले तेव्हा तो कामात होता. हात थरथरत होता म्हणून त्यानं मनगट गुडघ्याला टेकवलं होतं आणि एकेक ठोका मारून थांबत होता. ठोका मारायचा, तळवा फिरवायचा, डोळे मिटायचे, पुन्हा तळवा फिरवायचा. मी आलेलं त्याला कळलंच नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हातोडी चालू होती. मी औषधं घेऊन मागच्या दारानं निघून आले.

वहिनीला घरी आणलं त्या दिवशी ऊन छान होतं. गाडी फाटकाकडं तोंड करून उभी होती, गडद निळी. उरलेल्या दोन डब्यांतले रंग मिसळून केलेला तो निळा, पण काय उतरला होता. दादा धुतलेला सदरा घालून उभा. मिशी कातरलेली. एक डोळा हिरव्या पट्टीखाली आणि दुसरा मिचमिचा अशी वहिनी माझा दंड धरून आत आली, आणि दादा हाताची घडी घालून म्हणाला, "लाव पैज."

इतक्या वर्षांनी. वहिनीच्या ओठांवर हसू आलं. "कसली हो?"

"डोळे मिट. मागच्या दिव्यापासून सुरुवात कर. पोचा कुठं होता तिथं थांब. ओळखलंस तर चहा मी करीन."

"तुम्ही कराल? स्वतः?"

"स्वतः."

तिनं माझा दंड सोडला. मागच्या दिव्यावर तळवा ठेवला, डोळा मिटला आणि चालू लागली. मागचं मडगार्ड, मागचा दरवाजा, पुढचा दरवाजा. हात कुठं अडखळत नव्हता. पुढच्या दरवाज्याची फट ओलांडली, पाऊलभर गेली आणि थांबली. बरोबर तिथं. दादाच्या आयुष्यात त्याला हरवणारं ते पहिलं माणूस.

"इथं," ती म्हणाली.

दादा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "कसं ओळखलंस? काही लागतंय का हाताला?"

"नाही," वहिनी म्हणाली. तिचा हात तिथंच पुढंमागं फिरत होता, सावकाश, अंधारात वस्तू शोधावी तसा. "काहीच लागत नाही." पुन्हा फिरवला. बोटं पसरली, तळवा दाबून बघितला. "का काढलात हो? माझा हात बसायचा त्यात. तो म्हणाला होता मी काढीन. मी रोज बघायचे, आहे का अजून."

दादानं हाताची घडी सोडली. वहिनी माझ्याकडं न बघता पायऱ्या चढून आत गेली आणि आतून कडी लागली. त्या दिवशी चहा झाला नाही.

पट्टी सोडायला ती रिक्षानंच गेली. परत पायरीवर येऊन बसली नाही. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. शिवणयंत्रावर कापड पडलं. एक शब्द रागाचा बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. दादा पार खचला. एक दिवस मी फाटकातून आले तर तो मडगार्डसमोर मोठी हातोडी घेऊन उभा.

"दादा, काय करतोयस?"

"परत पाडतो."

मी त्याला अडवलं नाही. हातोडी वर गेली आणि तशीच खाली आली. त्यानं ती जमिनीवर ठेवली. "नाही होणार," तो म्हणाला. "खांबाचा पोचा लांबट होता. वरच्या कडेला घडी होती. हातोडीचा गोल पडेल. तिच्या हाताला लगेच कळेल, हा बापानं पाडलाय." मग चाकाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "जन्मभर एकच काम नीट करायला शिकलो मी. तेच केलं." मी त्याच्या शेजारी बसले. दुसरं काय करणार होते?

शेवटी त्यानं गाडी विकायचं ठरवलं. तिच्या डोळ्यांसमोर नको, एवढंच म्हणाला. जुन्या गाड्यांचा नाद असलेला एक शौकीन माणूस बघायला आला. गाडीभोवती फिरला, वाकून खालून बघितलं, बंपरवर टिचकी मारली, छताच्या शिलाईचं कौतुक केलं. मग दोन्ही हातांनी पत्रा चाचपत पुढं आला. "वा," तो म्हणाला, "इतकी जुनी आणि एकदाही ठोकलेली नाही. कमाल आहे."

पूर्वीचा दादा असता तर मिशीत हसून गप्प बसला असता. हेच तर ऐकायला तो जगत होता. पण त्यानं त्या माणसाचं मनगट धरलं, त्याचा तळवा डाव्या मडगार्डवर नेला आणि दाबून धरला.

"ठोकलीय," दादा म्हणाला. "इथं. माझ्या मुलानं. त्या खांबाला."

"काहीच कळत नाही हो."

"कळायचं नाही. मी बुजवला. पण तुमच्याकडं गाडी गेली की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत जा, इथं पोचा होता. लांबट. वरच्या कडेला घडी. एवढं कबूल केलंत तरच न्या."

तो माणूस गोंधळून आमच्याकडं बघायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "अहो," वहिनी आतून म्हणाली, "त्यांना सांगा, गाडी द्यायची नाही."

तो गृहस्थ जरा कुरकुरला आणि गेला. वहिनी खाली आली. डाव्या बाजूनं आली आणि मडगार्डवर हात टेकला. या वेळी हात शोधत नव्हता, नुसता ठेवला होता. मग तिनं दरवाजा उघडला, पदर सावरला आणि पुढच्या सीटवर बसली. दादा धडपडत किल्ली आणायला निघाला.

"किल्ली राहू द्या," ती म्हणाली. "फेरी त्याच्याबरोबर ठरली होती. मी काही फाटकाबाहेर जायची नाही." तो जागीच थांबला. तिनं समोरच्या काचेतून खांबाकडं बघितलं. "तुमच्याकडं माझा एक चहा राहिलाय."

दादा आत गेला. भांडी पडल्याचे आवाज आले, काडेपेटी सापडत नाही म्हणून त्यानं मला दोनदा हाक मारली, मी गेले नाही. पुष्कळ वेळानं तो दोन कप घेऊन आला, निम्मा चहा बशांत. एक तिला दिला, दुसरा घेऊन दुसऱ्या बाजूनं चढला आणि स्टीअरिंगपाशी बसला. दोघं फाटकाकडं बघत होते. वहिनीनं एक घोट घेतला आणि थांबली.

"साखर विसरलात," ती म्हणाली.

"आणू का मी?" मी गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"नको वन्सं," ती म्हणाली, आणि सगळा चहा तसाच संपवला.